आठ हातांची बाय आणि बांधावरचा रांजण

मी एक जुना रांजण आहे. पोटाने मोठा, तोंडाने रुंद आणि स्वभावाने जरा कुरकुऱ्या. माझ्या अंगावरचा पांढरा थर पाहून लोक नाक मुरडतात. त्यांना वाटतं बुरशी आली. मित्रांनो, ते मीठ आहे. कितीही घासा, ऊन लागलं की पुन्हा फुलतं. ते माझ्या अंगात कसं मुरलं, तेवढंच सांगायचं आहे.

मी कल्याणच्या एका कुंभाराच्या हातचा. भट्टीतून निघालो आणि पेंढ्यात गुंडाळून, होडीत बसून खाडीने बाळकुमला आलो. ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा एक पिढी उलटली होती, पण रांजणांना होडीच बरी. बाळकुमला राघो मिठागरावर काम करायचा. बांधाला लागून त्याची झोपडी होती. त्याने मला दाराशी कमरेपर्यंत जमिनीत पुरलं आणि त्याची बायको आवडाबाई गावच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून माझ्यात ओतू लागली. चारी बाजूंना खारट पाणी असलं की गोड्या पाण्याला काय मोल येतं, ते तिथेच कळतं. मुकादम काळुराम मुद्दाम वाट वाकडी करून माझं पाणी प्यायला यायचा आणि माझं कौतुक करायचा. मी फुगून बसायचो.

मिठागराचं काम असं. उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, वर उचलायची. खाडीचं पाणी आत आलं की दार पाडायचं. मग ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचं. उन्हाने ते दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. सगळी भिस्त बांधावर. आदल्या साली खेकड्यांनी बांध पोखरला, तो फुटला आणि तयार मीठ वाहून गेलं. तेव्हापासून खेकडा दिसला की आवडाबाईचं डोकं फिरायचं.

मी सांगतो त्या साली पाऊस लवकर गेला होता आणि खाडी फार आतपर्यंत खारट झाली होती. एका उधाणाबरोबर समुद्राचं एक जनावर वाट चुकून उघाडीतून आत आलं. पाणी निवळल्यावर आवडाबाईला ते पहिल्या वाफ्याच्या कोपऱ्यात दिसलं. अंग चिखलाच्या रंगाचं, आठ लवचीक हात, वर टपलेले कावळे. आणि त्याच्या पुढ्यात खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा ढीग. तुम्ही त्याला ऑक्टोपस म्हणाल. आवडाबाईने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. तिने फक्त तो ढीग पाहिला. बांधाचे वैरी खाणारं कोणीतरी आलं आहे, एवढं तिला पुरे झालं.

ती धावत आली, माझ्यातलं गोडं पाणी सगळं उपसून ओतून दिलं, मला खाडीच्या पाण्याने भरलं आणि पाटीत उचलून आणलेलं ते जनावर माझ्यात सोडलं. राघो तहानलेला परतला आणि बघतच राहिला.

"पियाचं पानी वतलंस? मंग आमी काय पियाचं गो?"

आवडाबाई म्हणाली, हंडा आहे की. आणि त्या जनावराला तिने 'बाय' म्हणायला सुरुवातही केली. मादी होती की नर, देव जाणे. तिची बाय, म्हणून माझीही बाय.

पहिल्या दिवशी बायने मला आतून चाचपलं. तिच्या हातांवरच्या गोल चकत्यांनी ती नुसतं शिवत नव्हती, चवही घेत होती. ज्या कुंभाराने मला घडवलं, त्यानेही मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने तिचा रंग माझ्यासारखा तांबूस झाला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

ती हुशार होती. आवडाबाई आली की वर यायची आणि तिच्या हातून खेकडा घ्यायची. राघोने एकदा काठीने डिवचलं, तर पुढे तो नुसता वाकला तरी त्याच्या तोंडावर पिचकारी मारायची. दोघांत तिने कधी गल्लत केली नाही. मग तिच्यासाठी पकडून पाटीत ठेवलेले खेकडे कमी होऊ लागले. राघोने शेजारच्या मांजराला दोष दिला आणि त्यावरून शेजाऱ्याशी भांडण ओढवून घेतलं. चोर एका दुपारी सापडला. बाय माझं झाकण सरकवून उतरली, ओल्या जमिनीवरून पाटीपर्यंत गेली, खेकडा घेतला आणि परत येऊन माझ्यात बसली. झाकण मात्र लावायचं राहिलं. राघोला हसू आवरेना, पण शेजाऱ्याची माफी काही त्याने मागितली नाही.

ही गोष्ट पसरली. माजिवड्याहून माणसं आली, ठाण्याहूनही आली. राघो झाकण उचलून बाय दाखवायचा आणि मुकादमासारखा बोलायचा. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याचं ऐकत होते, मी त्याला नावं ठेवणार नाही.

मग भांगाचे दिवस आले. भरतीचं पाणी दूरच राहायचं, बांधापर्यंत पोचायचं नाही. माझ्यातलं पाणी शिळं झालं. बायने खाणं टाकलं, ती फिकी पडली. आवडाबाईचा जीव खालीवर होऊ लागला. तिने विचार केला, हे समुद्राचं लेकरू, ह्याला मीठच कमी पडत असणार. मीठ पिकवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? शेवटच्या वाफ्यातलं, मीठ धरायला आलेलं दाट पाणी तिने हंडे भरभरून माझ्यात ओतलं. घरात जे सगळ्यात चांगलं होतं, ते तिने दिलं.

बाय तडफडून माझ्या काठावर आली. आवडाबाईला वाटलं, पळून चालली, उन्हात मरेल. तिने तिला हळूच आत ढकललं, झाकण लावलं आणि वर पाटा ठेवला. आत काय चाललं होतं ते मला कळत होतं. बाय माझ्या अंगावर हात आपटत होती आणि मला ओरडता येत नव्हतं. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

शेवटी झाकणाच्या फटीतून एक हात बाहेर आला. त्याने आवडाबाईचं बोट धरलं आणि सोडेना. तिने पाटा बाजूला केला. बाय तिच्या दंडापर्यंत चढली आणि तिथेच चिकटून राहिली, पाण्याकडे वळेना. आवडाबाई आपल्या ओल्या बोटाकडे बघत राहिली आणि मग तिने ते चाटलं.

"आवं," ती राघोला म्हणाली, "मी हिला खारवत व्हते."

राघो म्हणाला, उद्या ठाण्याची मोठी माणसं यायची आहेत, त्यांना शब्द दिला आहे, एक दिवस तरी ठेव.

"उद्या त्यांना काय दाखवाल? सुकट?"

राघोने पाटी उचलली, ओलं फडकं घेतलं आणि तिच्यापुढे वाट काढत तिवरांच्या झाडीतून, गुडघाभर चिखलातून खाडीकडे निघाला. मी पुरलेला, मी कुठे जाणार? परत आल्यावर राघोनेच मुकादमाला सांगितलं ते मी ऐकलं. बायने एकेक हात सोडला. शेवटचा हात आवडाबाईच्या मनगटाभोवती बराच वेळ होता. मग तोही सुटला.

माझ्यात पुन्हा गोडं पाणी भरलं, तर राघोने पहिलाच घोट थुंकला. मीठ माझ्या मातीत मुरलं होतं. काळुरामनेही वाट वाकडी करणं सोडलं. नवा रांजण आला. आवडाबाईने मात्र मला फोडू दिलं नाही. खणून काढलं आणि उघाडीच्या तोंडाशी, पाण्याखाली आडवं ठेवलं. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात एका ओहोटीला ती उघाडीवर आली. माझ्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा ढीग होता. ती तीच बाय होती की दुसरी कोणी, ते मीही सांगणार नाही. आवडाबाईने आत हात घातला नाही, काठी घातली नाही, कोणाला बोलावलंही नाही. तिने ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं आणि समाधानाने घरी गेली.

आता बाळकुमला मिठागर नाही, उंच इमारती आहेत. आवडाबाईच्या पणतवंडांनी मला फाटकाशी उभं केलं आहे. शोभेची झाडं लावतात, ती जगत नाहीत. मित्रांनो, कोणताही जीव घरी आणाल, तर लाड नंतर करा. आधी त्याचं पाणी चाखून बघा.