दोरा तोडायची जागा

आत्याला तिच्याच शिवणाच्या खोलीत निजवलं होतं. कापड बेतायचं मोठं टेबल भिंतीला लावलं होतं, मशीनवर पांढरी चादर टाकली होती. चादरीखालून पायपट्टी तेवढी दिसत होती, अंगठ्याशी झिजून चकचकीत झालेली.

"प्रार्थना तू सुरू करायचीस," ताई कानाशी म्हणाली. "आत्याच सांगून गेलीय. धाकटीनंच म्हणायची."

"ताई, मला नाही गं जमणार."

"का? तोंडपाठ आहे की तुला."

पाठ होती, तेच तर. आई गेल्यावर आम्हा दोघींना आत्यानं याच खोलीत वाढवलं. संध्याकाळी तुरपाई करता करता ती प्रार्थना म्हणायची आणि आम्ही चिंध्यांच्या ढिगात लोळत तिच्यामागून म्हणायचो; तिचा भाऊ, आमचा काकाही. पुढं माझा विश्वास उडाला. अकरा वर्षांपूर्वी मी तिला तोंडावर सांगितलं, "आत्या, मला हे खोटं वाटतं. यापुढं मी म्हणणार नाही." तिनं चष्म्यावरून पाहिलं. "नको म्हणूस. सुईत दोरा तेवढा ओवून दे, मला दिसत नाही." त्यानंतर कधी आग्रह नाही, टोमणा नाही. आणि आता जाता जाता हे असं! तिच्या उशाशी उभं राहून खोटं कसं बोलू? आणि नाही म्हटलं, तर तिचं शेवटचं मागणं मोडायचं?

"अगं, सुरू कर," काका पुटपुटला. "आयुष्यभर गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं हिनं, आज तरी वेळेवर निघू दे." आणि त्यानंच रुमालात तोंड खुपसलं.

मी डोळे मिटले.

"दिवस सरला, देवा आता दार तुझं लावून घे,
बाहेर राहिलं लेकरू माझं..."

आणि थांबले. ताई थांबली. काका थांबला. शेजारीपाजारी मात्र "आधी आत बोलावून घे" म्हणून मोकळे झाले आणि आमच्याकडे बघू लागले.

आमची ही चूक जुनीच. आत्या इथं थांबायची, दातांनी दोरा तोडायची. कट्. मग उरलेली ओळ. आम्हाला वाटायचं, प्रार्थनाच तशी आहे. शाळेत याच जागी थांबलो म्हणून ताईला आणि मला बाईंनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. पण सवय गेली नाही. काकाचीसुद्धा नाही.

आम्ही तिघं वाट बघत होतो. आत्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जणू आत्ता दोरा यायचा होता. इतकी वर्षं ती रोज इथंच थांबत आली होती, बाहेर राहिलेल्या लेकरापाशी. दोरा दातांत धरून. अकरा वर्षं त्या ओळीत मीच होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"दोरा तोड गं कुणीतरी," काका घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मी दातांवर दात आपटले. कट्.

ताईनं दचकून पाहिलं, रडता रडता हसली, आणि आम्ही तिघांनी एकदमच उरलेली ओळ उचलली. त्यात माझा आवाज कुठला, ते मला वेगळं ऐकू आलं नाही.