जिभेवर मेलेली साखर

निसर्गानं माणसाला रोग देण्याआधीच त्या रोगावरचा पाला देऊन ठेवला आहे. डोंगरकड्याजवळच्या तांड्यात तर पाल्याच्याही आधी तो सुचवणारा हजर असतो.

तांड्याचे नाईक पुनमचंद यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तंटे मिटवणं हे नाईकाचं काम. पण नाईकाला बांध दिसत नाही हे कळल्यापासून तांड्यातले बांध चालायला लागले होते. शंकरसिंगाचा तर आठवड्याला वीतभर चालायचा. आखाडा बाळापूरच्या डोळ्यांच्या शिबिरातून नाईक दोनदा परत आले होते. रक्तातली साखर दोनशेच्या आत आल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावायला तयार नव्हते.

तेव्हा शेजारच्या रतनसिंगानं डोंगरातून गुडमारच्या वेलाचा पाला आणला.

"चावा नाईक, धा पानं. आता ही साखर टाका तोंडात. कशी लागती?"

"रेतीवानी."

"मेली ना? जिभीवर मेली, ती रगतात जित्ती ऱ्हाईल व्हय?"

या युक्तिवादात खोट काढणं नाईकांना जमलं नाही. त्यांनी स्वतः याहून कच्च्या पुराव्यावर निकाल दिले होते. डॉक्टरांच्या गोळ्या बंद झाल्या, पाला चालू झाला.

"पाला खा की, पण गोळ्या काहून सोडल्या तुमी?" बायको बेबीबाईनं विचारलं.

"दोन वैद एका घरात नांदत न्हाईत."

"आन् दोन बायका नांदवायला निघाले व्हते, तवा?"

नाईकांनी आणखी दोन पानं तोंडात टाकली.

औषधाचा गुण ते रोज तपासून बघत. पानं चावायची, वर गुळाचा खडा खायचा. खडा मातीसारखा लागला की जिवाला बरं वाटे. शंका आली तर आणखी एक खडा. दिवाळीत लाडवांवरही खात्री करून झाली. बेबीबाईनं डबा लपवला, तर म्हणाले, "अगं, गोड लागतच न्हाई, तर त्याला गोड कसं म्हणावं?"

शिबिराच्या दिवशी बाळापूरच्या स्टँडसमोर त्यांनी पानं चावली आणि पावशेर जिलबी खाऊन शेवटची तपासणी केली. भुसा चावल्यासारखं वाटलं. ते समाधानानं रांगेत जाऊन बसले.

संगिता सिस्टरनं बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्राला लावला. "काका, गोळ्या चालू हायेत ना?"

"गरजच न्हाई, बाई. पाला बराबर चालू हाय."

"सकाळून काय खाल्लं?"

"गोड काय बी न्हाई. जिलबी."

सिस्टरनं आधी यंत्राकडे पाहिलं, मग नाईकांकडे. "काका, त्या पाल्यानं जीभ झोपती. साखर जागीच ऱ्हाती. गोळ्या आजपासून घ्या."

"घेतो. पर डोळ्याचं काय?"

साखर चारशे बारा होती. पुढचं शिबिर मार्चमध्ये आहे.