केलेली खोली

"आई, दार का उघडं टाकलंय?" सुनेने विचारलं, तेव्हा मावशींचा एक गुडघा जमिनीवर टेकलेला होता आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गादीखाली गेलेले होते.

"जरा हवा येते," मावशी म्हणाल्या आणि हात बाहेर काढले.

सून आत आली आणि पलंगाकडे बघत राहिली. चादरीवर एकही सुरकुती नव्हती. पायथ्याच्या दोन्ही कोपऱ्यांत कापडाची तिरपी घडी बसली होती, पाकिटाच्या झाकणासारखी. न्हाणीघरातले टॉवेल तिपदरी होऊन दांडीवर लटकत होते आणि बेसिन कोरडं होतं.

"ह्यांना सांगू का?" सून हसत म्हणाली.

"नको गं. उगाच चिडेल. चल, नाश्ता गार होईल."

दार उघडं ठेवायचं कारण हवा हे नव्हतं. खोली करताना दार उघडं ठेवायचं, हा नियम होता. आत माणूस काय करतोय ते जाता-येता कुणालाही दिसलं पाहिजे. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात मावशी निवृत्त होईपर्यंत तिसऱ्या मजल्यावर होत्या. मावशी हे नाव तिथेच पडलं आणि पुढे गल्लीतही तेच चालू लागलं. इतकी वर्षं हॉटेलात काढून हॉटेलच्या पलंगावर त्या पहिल्यांदा झोपल्या त्या आदल्या रात्री, आणि नीट झोपल्या नाहीत. गादीच्या कडेला आडव्या झाल्या होत्या, म्हणजे सकाळी अर्धाच पलंग सारखा करावा लागावा.

ही सहल मुलाची कल्पना होती. त्याला बढती मिळाली होती. तळ्याकाठचं हॉटेल, दोन खोल्या, त्यातली एक फक्त आईची. खोली ठरवताना त्याने एकच अट घातली होती: तिथे तू कशालाही हात लावायचा नाहीस. आयुष्यभर लोकांचं केलंस, आता चार दिवस लोकांनी तुझं करू दे. मावशींनी हो म्हटलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं.

त्या सकाळी दोघी निघाल्या तेव्हा कॉरिडॉरमध्ये एक मुलगी ट्रॉली ढकलत येत होती. ट्रॉलीचं पुढचं एक चाक स्वतःभोवतीच फिरत होतं. मुलीच्या छातीवर पिवळी पट्टी होती. पिवळी पट्टी म्हणजे अजून कायम केलेली नाही, हे मावशींना कुणी सांगायला नको होतं.

"मॅडम, खोली करू का?"

"झालीय गं. तू पुढं जा, अख्खा मजला पडलाय तुला."

मुलीने दारातून आत डोकावलं. पलंग बघून तिचा चेहरा सैल झाला. मावशींच्या काळी असा पाहुणा भेटणं म्हणजे लॉटरी होती. वाचलेल्या वेळात निवांत बसून दोन घास खाता यायचे.

नाश्त्याच्या टेबलावर टिपचा विषय सुनेने काढला. वेटर अंडी ठेवून गेला तेव्हा मुलाने त्याच्या हातात काहीतरी सरकवलं होतं. खोली साफ करणाऱ्यांना देणार का, असं तिने विचारलं. मुलाचं म्हणणं होतं की त्यांचा पगार आपल्या बिलातूनच निघतो, मग पुन्हा वेगळं कशाला. आणि द्यायचंच असेल तर निघताना एकदम देऊ, रोज कुठे चिल्लर वाटत बसायचं.

"वेटर समोर उभा राहतो, म्हणून त्याला देतोस," सून म्हणाली. "ती आपण नसताना येऊन जाते, म्हणून तिला नाही."

"बरं बाई, मी कंजूष. आता घरातल्या तज्ज्ञांना विचारू. आई, तुला द्यायचे का लोक?"

"काही जण द्यायचे."

मग मावशींनी पावाला लोणी लावत थोडं सांगितलं. निघताना एकदम ठेवलेले पैसे बरेचदा भलत्यालाच मिळतात, कारण शेवटच्या दिवशी रोजच्या बाईची सुट्टी असू शकते. टेबलावर ठेवलेल्या पैशांना हात लावायचाच नाही, ते पाहुणा विसरलेला असू शकतो. त्यांच्या मजल्यावरच्या एकीला त्यावरूनच घरी बसवलं होतं. उशीवर उघडे ठेवले तर फ्रीज तपासायला येणारा आधी येतो आणि त्याचा हात चलाख असतो. म्हणून जाणता पाहुणा उशीखाली ठेवतो. जो अभ्रा बदलतो त्यालाच ते सापडतात. त्यांच्याकडे हा कायदाच होता: ज्याचा हात अभ्र्याला लागला, पैसे त्याचे. त्यावर कुणी भांडत नसे.

"म्हणजे यात पण शास्त्र आहे," मुलगा म्हणाला. तो खूश दिसत होता. आई इतकं सहसा बोलत नसे.

मावशींनी सकाळीच उशीखाली एक नोट ठेवली होती. दुसऱ्या सकाळीही ठेवली. आदल्या दिवशीची गेली असेलच, असं धरून त्यांनी उशी पूर्ण उचलली नाही, नुसती कड वर करून नोट आत सारली. पलंग पुन्हा तसाच झाला होता, चादर ताणलेली, कोपऱ्यांत घड्या. आपणच केलेल्या पलंगाचा अभ्रा बदलायला कुणाला उशी उचलावी लागणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पाहुण्याने काय करायचं ते त्यांना माहीत होतं आणि बाईने काय करायचं तेही. फक्त दोन्ही एकाच वेळी त्या करत होत्या.

त्या दिवशी दुपारी तिघं तळ्यावरून परत आले तेव्हा त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत कडक इस्त्रीचा कोट घातलेली सुपरवायझर उभी होती आणि तिच्या मागे पिवळ्या पट्टीची मुलगी.

सुपरवायझरने आधी माफी मागितली. आवाज चढवला नाही. तिने उशीच्या अभ्र्याची शिवण दाखवली. दोरा निळा होता. या हॉटेलात एक दिवस निळ्या दोऱ्याचे अभ्रे आणि चादरी, दुसऱ्या दिवशी हिरव्या, तिसऱ्या दिवशी तांबड्या दोऱ्याचे. दारातून नजर टाकली तरी कळतं. आज सगळ्या मजल्यावर तांबडा दोरा होता. या खोलीत निळाच होता, आणि परवाचा होता.

"नुसती चुकवलेली खोली मी समजू शकते," ती मुलाला म्हणाली. "पण जुन्या चादरीवर इतकं छान करून ठेवायचं, म्हणजे पाहुण्याला पत्ताच लागू नये, हे मला चालत नाही. ही उद्यापासून इथे नसेल. तुमच्यासाठी फळांची टोपली पाठवते."

मावशींना त्या शिवणीची आठवण झाली. पहिल्या रात्री त्यांनी ती पाहिली होती आणि निळा दोरा शोभेसाठी असेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्या हॉटेलात सगळं पांढरं असायचं.

मुलगी खाली गालिच्याकडे बघत होती. मॅडमनीच नको म्हटलं, हे एक वाक्य तिला सोडवू शकलं असतं. ती ते बोलत नव्हती. पाहुण्यावर कधी ढकलायचं नाही, हे कामावरच्या पहिल्याच दिवशी सांगतात. मावशींनी स्वतः किती जणींना सांगितलं होतं.

"पलंग मी केलाय," मावशी म्हणाल्या.

मुलाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

सुपरवायझर हसली, पण जपून. नवीन मुली पाहुण्यांपुढे रडतात आणि चांगले पाहुणे त्यांना पाठीशी घालतात, हे तिने पाहिलेलं असणार. "तुमचं मन मोठं आहे," ती म्हणाली. "पण अशी कोपऱ्याची घडी पाहुणे घालत नाहीत, मॅडम."

मावशींनी पर्स सुनेकडे दिली आणि चपला काढल्या. मग त्यांनी पलंगपोस ओढला, चादर चारी बाजूंनी सोडवली आणि उशी उचलली. उशीखाली दोन नोटा होत्या, एक कालची आणि एक आजची. एकीची घडी थोडी दबली होती. मुलीने त्या पाहिल्या आणि नजर पुन्हा खाली नेली.

मावशींनी नोटा बाजूच्या टेबलावर ठेवल्या आणि ट्रॉलीवरून तांबड्या दोऱ्याची चादर घेतली. ती त्यांनी एका झटक्यात उडवली. चादर हवेत फुगली आणि मधली रेघ बरोबर गादीच्या मध्यावर येऊन बसली. सुती कापड ताणलं की जास्तीचं सगळं कोपऱ्यात जमा होतं. ते कुठेतरी जायलाच हवं, आणि नीट गेलं तर त्याची घडी होते, नाहीतर बोळा. मावशींच्या उजव्या मनगटाला आता पूर्वीसारखा जोर नव्हता, म्हणून गादी उचलताना त्या खांदा लावत होत्या. बाकी हालचालींत कुठे थांबणं नव्हतं.

मुलगा दारातच उभा होता. त्याने आईला हे काम करताना कधी पाहिलं नव्हतं. तिला फक्त कामावरून घरी येताना पाहिलं होतं.

दुसरा कोपरा झाल्यावर सुपरवायझर म्हणाली, "कुठल्या हॉटेलात होतात?"

मावशींनी सांगितलं. सुपरवायझरने मान हलवली आणि बोलण्याची पद्धत बदलली. मॅडम गळून पडलं.

"मग तुम्हाला काही समजवायला नको. पलंग हिने केला नाही, ठीक आहे. पण चादर बदलायची होती. पाहुण्याने नको म्हटलं तर मला येऊन सांगायचं होतं. हिने दोन्ही दिवस खोली झाली म्हणून सांगितलं. तुमच्या मजल्यावर असं झालं असतं तर काय केलं असतंत?"

मावशींनी अभ्र्यात उशी सारली, कड आत दुमडली. काय केलं असतं ते त्यांना माहीत होतं. नुसतं सोडून द्या म्हटलं असतं तर सुपरवायझरने ते ऐकून घेतलं असतं आणि त्या गेल्यावर मुलीला काढलं असतं. तोंडदेखल्या रदबदलीचं तसंच होतं.

"काढू नका," त्या म्हणाल्या. "मजल्यावर ठेवू नका. खाली लाँड्रीत घ्या, शिकेल."

मुलीने पहिल्यांदाच मान वर करून सरळ त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आभार होते की दुसरं काही, ते मावशींना ठरवता आलं नाही. लाँड्रीत पगार तोच असतो. पाहुणा मात्र तिथे नसतो.

सुपरवायझरने थोडा विचार केला आणि बरं म्हणाली. मावशींनी टेबलावरच्या नोटा उचलून मुलीपुढे धरल्या.

"नको, मावशी," मुलगी हळूच म्हणाली. "मी कुठे उशी उचलली?"

तिलाही तो कायदा कुणीतरी शिकवला होता. मावशी हे नाव मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा तळ्याकाठच्या बाकावर त्यांच्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ त्याने पाण्यात खडे टाकले.

"एवढी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे."

"हो रे."

"मी तुला इथे कशासाठी आणलं मग?"

मावशी म्हणाल्या की तो राग धरतोय ते बरोबर आहे. पण पसरलेला पलंग मागे टाकून खोलीबाहेर पाय निघत नाही. कुणीतरी बघेल आणि ही बाई कशी आहे म्हणेल, असं वाटत राहतं. मुलगा म्हणाला की कुणी बघत नाही आणि कुणी काही म्हणत नाही. मावशी स्वतः बघायच्या आणि म्हणायच्याही. त्यांच्या मजल्यावर सगळ्याजणी म्हणायच्या.

निघायच्या दिवशी सकाळी कॉरिडॉरमध्ये एक वयस्क बाई ट्रॉली घेऊन उभी होती. मावशींनी तिला त्या मुलीचं विचारलं.

"खाली आहे. मळक्यांच्या ढिगावर बसवलीय. नवीन माणसाला आधी तेच देतात, उलटं करून झटकायचं."

"आमच्याकडे पण तेच."

"चला, निदान काम राहिलं पोरीचं. वर मजल्यावर पाहुण्यांकडून हात जरा ओला व्हायचा, तेवढं गेलं. तिकडे उशा थोड्याच येतात, नुसते अभ्रे येतात."

मावशी खोलीत परत गेल्या आणि या वेळी दार लावून घेतलं. रात्री त्या पलंगाच्या मधोमध झोपल्या होत्या. चादर मध्ये गोळा झाली होती आणि उशीला डोक्याचा खळगा होता. त्यांनी ते हाताने सारखं केलं नाही. एक नोट त्यांनी उशीखाली ठेवली. ती या बाईची. मुलीने न घेतलेल्या त्या दोन नोटांची बारीक घडी करून अभ्र्याच्या आतल्या कोपऱ्यात, शिवणीच्या टोकाशी दाबून बसवली. घाईच्या हाताने उशी ओढून काढली तर तिथलं काही पडत नाही. अभ्रा कुणीतरी उलटा करून झटकेपर्यंत ते तिथेच राहतं.

मग त्यांनी पायथ्याचे दोन्ही कोपरे ओढून सोडवले. कडेला सरळ राहिलेली चादरही मुठीत धरून चुरगळली. टॉवेल न्हाणीघरात जमिनीवर टाकले. एक टॉवेल जरा नीट पडला, तो त्यांनी पायाने विस्कटला.

मुलगा बॅग न्यायला आला. त्याने खोलीभर नजर फिरवली, पलंग पाहिला, ओले टॉवेल पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"आता कशी पाहुणी वाटतेस," तो म्हणाला.

मावशींनी बॅगेला हात घातला, तर त्याने तो बाजूला केला. बॅग तोच घेणार होता, पर्स सुनेने आधीच नेली होती. जिन्यापर्यंत त्या मोकळ्या हातांनी चालत गेल्या. ते कुठे ठेवायचे हे न कळून शेवटी त्यांनी कठडा धरला, आणि उतरता उतरता बोट फिरवून तो पुसलेला आहे का ते पाहिलं.