थंडरची बावीसची नळी

मी एक जुने पिस्तूल आहे. मित्रांनो, नाव ऐकून मागे सरू नका. मी जेमतेम तळहाताएवढे आहे, माझ्यात दोनच गोळ्या मावतात आणि उभ्या जन्मात मी लोखंडी पत्र्यांखेरीज कशावरही गोळी झाडलेली नाही. खेळ संपला की माझा मुक्काम कुलूपबंद पेटीत असतो, आणि तो तिथेच असावा.

माझा जन्म टेक्सासातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला घासले, पुसले आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. माझी एक गंमत आहे. माझा एक पेच काढला की एकावर एक असलेल्या दोन नळ्यांची जोडी उतरते आणि तिथे दुसरी चढवता येते. नळीच्या तोंडाच्या मापाला बोअर म्हणतात. पंचेचाळीस बोअरची जोडी चढवली की मी आडदांड होते, अडतीसची चढवली की बेताचे, आणि बावीसची चढवली की अगदी गरीब. मूठ तीच, चाप तोच, घोडा तोच, स्वभाव मात्र नळीगणिक वेगळा. याचे मला स्वतःलाच अजून नवल वाटते.

मला ऑर्व्हिल टेनंट यांनी घेतले. ॲरिझोनात विजेच्या तारा ओढण्यात त्यांचे आयुष्य गेले. सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांचे दोस्त जुन्या काळच्या काउबॉय गुराख्यांसारखे कपडे घालून नेमबाजीच्या मैदानावर जमत. तिथे प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचे आणि त्याच नावाने वावरायचे, अशी रीत आहे. ऑर्व्हिलचे नाव होते थंडर, म्हणजे गडगडाट.

मुख्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिथे छोट्या पिस्तुलांची वेगळी साइड मॅच असते. चार पावलांवर दोन पत्रे, दोन गोळ्या, आणि कमी वेळात दोन्ही वाजवेल तो जिंकला. वेळ मोजणारे घड्याळ गोळीचा आवाज ऐकून आकडा दाखवते. शहाणी माणसे तिथे हलकी नळी लावतात, कारण झटका कमी बसला की दुसरी गोळी लवकर सुटते. थंडर मात्र पंचेचाळीसच लावायचे, तीही काळ्या दारूची काडतुसे भरून. मी गरजले की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि त्या धुरात ते डोंगरासारखे उभे असायचे. मी त्यांच्या मुठीत असूनही त्यांच्याकडे आ वासून बघत राही.

घड्याळ धरणारा डीकन हा त्यांचा जिवलग दोस्त. तो घड्याळ घेऊन चांगला लांब उभा राहायचा.

"थंडर, अडतीस लाव की रे. एकदा तरी जिंकशील."

"जिंकायला कोण आलंय? लोकांना रात्री जेवताना माझा आवाज आठवला पाहिजे."

मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात अर्धा निजला. वसंतात ते हट्टाने मैदानावर आले आणि त्यांनी पंचेचाळीसच चढवली. पहिली गोळी सुटली आणि मी त्यांच्या मुठीतून उडून वाळूत पडले. दुसरी गोळी अजून माझ्यात होती. भरलेले हत्यार हातून पडले की त्या दिवसापुरता माणूस बाद, हा नियम. डीकनने मला उचलले, रिकामे केले आणि मान खाली घालून नियम सांगितला. थंडर गाडीकडे गेले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, लुएलाला सांगितले, "पुन्हा एकदा हातातून सुटलं तर मैदान बंद. टोपी, बूट, सगळं विकून टाक."

मधे एकदा त्यांनी अडतीस चढवून पाहिली, तेवढे सोडले तर मी पेटीत पडून राहिले. कुणी तेल दिले नाही, कुणी फडके फिरवले नाही, माझ्या घोड्यावर गंजाचा डाग पडला. मला वाईट वाटले ते डागाचे नाही. बाहेर ते दिवसदिवस खुर्चीत बसून असत आणि मला त्यांचा आवाज ऐकू येत नसे.

उन्हाळ्यात एके दिवशी लुएलाने पेटी उघडली. स्वयंपाकघराच्या टेबलावर, राजम्याच्या पातेल्याशेजारी तिने मला ठेवले आणि टपालाने मागवलेली नवी जोडी समोर सरकवली.

"हे काय?" थंडर म्हणाले.

"बावीस."

"डास मारायचेत का?"

"पत्रे वाजवायचेत. अडतीस लावून बघितलीस ना मागच्या महिन्यात? मनगट धरून बसला होतास दोन दिवस."

"लू, मला थंडर म्हणतात गं."

"लोकं म्हणतात. पत्र्याला कुठे कळतंय कितीची गोळी लागली ते? आणि घोडा डाव्या हाताने चढव. उजव्याला नुसतं धरू दे."

त्यांनी ती बारीक नळी उचलून डोळ्यांसमोर धरली. मग त्यांनी डावा हात पुढे करून पेचकस मागितला.

शरद ऋतूत साइड मॅच आली. वारा सुटला होता. थंडर पुढे आले तेव्हा डीकनने माझी नळी पाहिली.

"बावीस? आता तुला उचकी म्हणायचं का?"

"घड्याळ धर, बडबड नको."

घड्याळ वाजले. डाव्या हाताने घोडा, उजव्याने चाप. टक्. पुन्हा घोडा, पुन्हा चाप. टक्. दोन्ही पत्रे वाजले. मी हातातच होते. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

डीकन घड्याळाकडे बघतच राहिला. आकडा शून्य होता. इतकी वर्षे थंडरपासून लांब उभे राहायची त्याला सवय, त्या दिवशीही तो तिथेच उभा राहिला होता, आणि माझा आवाज घड्याळापर्यंत पोचलाच नव्हता.

"चूक माझी," डीकन म्हणाला. "पत्रे वाजलेत, सगळ्यांनी बघितलंय. हवं तर इथेच थांब. नियमाने पुन्हाही मारता येतं."

थंडरचा हात थकला होता. बोटांतली थरथर मला मुठीच्या लाकडातून कळत होती. दुसऱ्या खेपेला ती बोटे मला धरतील की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

"घड्याळाने ऐकलं नाही तर मी मारलंच नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतः दोन गोळ्या भरल्या.

डीकन अगदी जवळ आला. त्याने घड्याळ माझ्या कुशीला लागेल इतके जवळ धरले आणि दुसरा हात वर केला. कुणीतरी खाऊच्या गाडीवरचे जनरेटर बंद केले. आयांनी पोरांना जवळ ओढले. एवढे मोठे मैदान, एवढी माणसे, आणि वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नाही. पंचेचाळीसच्या सगळ्या गडगडाटात मी जे पाहिले नव्हते ते त्या शांततेत पाहिले.

टक्. पत्रा वाजला. घोडा चढताना एकदा निसटला. पुन्हा चढवला. टक्. पत्रा वाजला.

डीकनने आकडा वाचला. दिवसातला सगळ्यात मंद आकडा होता तो. थंडरनी मला उघडले, रिकाम्या नळ्या त्याला दाखवल्या आणि उजव्याच हाताने मला टेबलावर ठेवले. एकेक बोट सोडवत, सावकाश. मी पडले नाही, मला ठेवले गेले.

तरी सगळे गप्पच होते.

"एवढे गप्प का?" थंडर म्हणाले. "मेलोय का मी?"

"नाही," मागून लुएला म्हणाली. "ऐकतोय आम्ही."

मित्रांनो, मला तेल द्या, माझा गंज पुसा, मला कुलपात ठेवा, हे तर कराच. पण घरातल्या कुणाचा हात थरथरू लागला तर त्यातली वस्तू लगेच काढून घेऊ नका. आधी त्या हाताला पेलेल अशी नळी शोधा, आणि मग जरा जवळ जाऊन उभे राहा.