पंचवीस चुण्यांचा किल्ट

माझा नवरा श्रीरंग जर्मनीत एर्लांगेनच्या एका कंपनीत मशीनचे सुटे भाग तपासतो. एखादा भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याने चुकला तरी तो परत पाठवतो आणि त्या दिवशी घरी जरा जास्तच आनंदात असतो. माणसाला सुख कशात मिळेल, सांगता येत नाही.

२००६ च्या एप्रिलमध्ये त्याच्या ऑफिसातल्या कॅलम नावाच्या स्कॉटिश मित्राचं लग्न ठरलं. सप्टेंबरात, बाम्बेर्गला. त्याच्या चार मित्रांनी किल्ट घालायचा होता, म्हणजे त्यांच्याकडचा तो गुडघ्यापर्यंतचा, चौकड्यांचा, मागे चुण्याच चुण्या असलेला पुरुषी घागरा. तिघांनी भाड्याचा किल्ट लगेच सांगून ठेवला. श्रीरंगने कामांच्या यादीत लिहून ठेवलं. जुलैत त्याने दुकानात फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी त्याला टेर्मिन, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ, या शब्दाचा अर्थ पाच मिनिटं समजावून सांगितला. किल्ट संपले होते.

"मी स्वतः शिवणार," त्याने जाहीर केलं. "हाताने. खरा किल्ट हातानेच शिवतात."

"तू? सुईत दोरा ओवलायस कधी?"

"सुलेखा, हे इंजिनियरिंग आहे. आल्झो, म्हणजे हे बघ, सात मीटर कापड, पंचवीस चुण्या. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

नेमकी त्याच आठवड्यात माझी आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आईने सांगलीच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं. पण आम्ही तिला आराम करायला बोलावलं होतं, त्यामुळे ती सक्तीने आराम करत होती. खिडकीत बसून समोरच्या घरातले लोक कचरा चार डब्यांत कसा वाटतात, ते बघायची. शिवणाबद्दल तिला विचारावं, असं श्रीरंगला अर्थातच वाटलं नाही. त्याच्याकडे इंटरनेटवरून काढलेले चौदा कागद होते.

तीन शनिवार-रविवार तो मान खाली घालून शिवत होता. चौथ्या शनिवारी त्याने हाफ पँटवर किल्ट चढवला, आम्हा दोघींना हॉलमध्ये बोलावलं आणि दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला किल्ट घोट्याशी होता.

आईने सभ्यपणे खिडकीकडे पाहिलं. मी मात्र मुळीच नाही.

"कापड सैल पडलं," तो म्हणाला.

"श्रीरंगराव, इकडे द्या जरा." आईने चष्मा लावला. "चुणी कमरेशी निमुळती व्हायला हवी. तुम्ही खालून वरपर्यंत सारखीच घेतलीत."

"आई, जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक आहे हो."

"पंचवीस ठिकाणी."

त्याने मनात गुणाकार केला. साडेसात सेंटिमीटर. ऑफिसात एवढ्या चुकीबद्दल त्याने एखादा अख्खा कारखाना परत पाठवला असता.

"उसवा," आई म्हणाली.

"सगळं?"

"नाही तर काय, निम्मं?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. ऑफिसातून आला की चहा, मग शिवण. आई त्याला हातटीप शिकवायची. तो चार बोटं अंतर शिवायचा, ती उन्हाकडे धरून बघायची आणि कात्रीने दोरा कापायची. दुसऱ्यांचं काम परत पाठवण्याची सवय असलेल्या माणसाला आपलं काम परत येताना बघणं जड जात होतं. मला अजिबात जड जात नव्हतं.

एकदाच तो अडून बसला. आईला किल्ट खालून दुमडून शिवायचा होता. श्रीरंगने कागद पुढे केला. कापडाची विणलेली किनारच खाली ठेवतात, दुमडत नाहीत. "न दुमडलेलं कापड माझ्या वर्गात मी ठेवून घेतलं नसतं," असं म्हणून आई दोन दिवस शिवणाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने किनारीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगली विणलीय. राहू द्या." त्या दिवसापासून त्यांचं इतकं जमलं, की जेवायला या म्हणून मलाच दोनदा हाक मारावी लागे. समोरच्या घरातला कचरा कोण कसा वाटतं, याची आईला आता पर्वा उरली नाही.

लग्नाला किल्ट जागेवर राहिला. चर्चबाहेर कॅलमची मोराग नावाची आत्या आली. तिने आयुष्यभर किल्टच शिवले होते. तिने न विचारताच श्रीरंगला पाठमोरं फिरवलं, चुण्या उलटसुलट करून पाहिल्या.

"हातची टीप? सुरेख आहे," ती इंग्रजीत म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण पोरा, पुरुषांचा किल्ट उजवीकडे बंद होतो. तुझा डावीकडे होतोय. हा बायकांचा स्कर्ट झाला."

किल्टला कमरेची बकलं शिवताना श्रीरंगने विचारलं होतं, कुठल्या बाजूला? आईने तीस वर्षांच्या सवयीने सांगितलं होतं, डावीकडे. आणि घड्याळातली वेळही दुसऱ्या घड्याळावर तपासणाऱ्या माझ्या नवऱ्याने तेवढ्यापुरता कागद उघडला नव्हता.

"काय म्हणतायत त्या?" आईने विचारलं. मोरागबाईंचं इंग्रजी तिला एक अक्षर कळलं नव्हतं.

श्रीरंगचे कान लाल झाले होते. मी वाट बघत होते. चूक दुसऱ्याची आहे, हे सिद्ध करायची इतकी सोपी संधी त्याने आजवर कधी सोडली नव्हती.

"तुमची टीप सुरेख आहे म्हणतायत, आई," तो म्हणाला. मग मोरागबाईंकडे वळून त्याने शांतपणे इंग्रजीत सांगितलं, "आमच्या सांगलीकडे डावीकडेच बंद करतात."

मोरागबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. "असं होय," त्या म्हणाल्या आणि आईचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. आईने वर्गात पहिली आलेली मुलगी मान डोलवते तशी मान डोलवली.

फोटोत चौघं ओळीने उभे आहेत. तिघांची बकलं एका बाजूला, श्रीरंगची दुसऱ्या. आईने त्या फोटोची मोठी प्रत करून सांगलीला नेली. तिच्या जुन्या विद्यार्थिनी घरी आल्या की ती त्यांना जावयाच्या चुण्या मोजायला लावते. बकलांबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.