सू-यानचा हात

आधीच सांगून टाकते, मी वेद शिकत नव्हते. गल्लीत कोणी काहीही सांगत फिरो, मी सू-यान शिकत होते.

सू-यान म्हणजे चिनी तलवारवाली. काशीत आमच्या बालाजी घाटावरून वर चढून चौखंब्याकडे निघालं की गुड्डू भैयाचं व्हिडिओ गेमचं दुकान लागतं. तिथे तलवारींच्या मारामारीचा एक खेळ आहे. त्याचा दुसरा भाग यंदा, म्हणजे नव्व्याण्णव साली, गुड्डूने आणला आणि त्यात ही बया पहिल्यांदा आली. सेनापतीची मुलगी. पातळ तलवार, मुठीला लाल गोंडा, आणि अंगात नुसता वारा! बाकीचे लढवय्ये कपाळाला आठ्या घालून दातओठ खात येतात. ही हसत येते. पडल्यासारखं करते, समोरचा फसून पुढे आला की गिरकी घेऊन पाठीमागून हाणते, आणि जिंकली की वाकून नमस्कार करून पुन्हा हसते. मला ती इतकी आवडली की काय सांगू. पण दुकानातली पोरं म्हणायची, "लडकी है, दम नहीं है इसमें." आणि सगळे तो हातोडावाला राक्षस घ्यायचे. माझं डोकंच फिरायचं. दम नाही म्हणे! तुम्हाला चालवता येत नाही असं सांगा ना सरळ.

अवघड होती ती, हे खरं. राक्षसाचं एक बटण दाबलं की हातोडा पडतो. सू-यानच्या गिरकीसाठी बाणांची बटणं एका क्रमाने, एका तालात दाबावी लागतात. खाली, बाजूला, वर, पुन्हा खाली, बाजूला, बाजूला, वर. जरा ताल चुकला की ती बावळटासारखी उभी राहते आणि डोक्यात हातोडा. दुकानात नंबर लागायला ताटकळायचं आणि हरलं की उठायचं. मग सराव करायचा कुठे? मी घरी गच्चीवर करायचे. नुसत्या हाताने, हवेत.

हवेत का, ते जरा समजावून सांगते. माझे वडील ढुंढिराजशास्त्री, आमचे अण्णा, घरीच मुलांना वेद शिकवतात. आमच्या शाखेत मंत्र नुसता तोंडाने म्हणत नाहीत, बरोबर उजवा हातही चालतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, तिसऱ्या स्वराला बाजूला. हात चुकला तर मंत्र चुकला. मी लहानपणापासून त्या खोलीच्या दाराशी उभी राहून हे पाहतेय. आत बसायची सोय नाही, मुलगी ना मी. पाणी द्यायला मात्र जायचं! तर काहीही पाठ करायचं म्हटलं की माझा उजवा हात आपोआप उठतो. पाढेसुद्धा मी असेच पाठ केले. सू-यानची गिरकीही तशीच केली. हाताला एकदा बसली की दुकानात अंगठे आपसूक चालतात.

आणि नेमकं अण्णांनी ते पाहिलं.

मला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी एकदम विचारलं, "मालू, कधीपासून चाललंय हे?"

माझा घास हातातच राहिला. मेले! दुकानाचं कळलं वाटतं.

"होळीपासून," मी म्हटलं. खोटं बोललं की माझे कान लाल होतात, त्यामुळे मी त्या फंदातच पडत नाही.

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. बघून बघून."

"नुसतं बघून?"

"मग काय करणार? मागे उभं राहायचं आणि बघायचं. माझा नंबर लागतोच कुठे!"

अण्णांनी ताटातला हात बाजूला घेतला. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "खरंय पोरी. तुझा नंबर कधी लावलाच नाही आम्ही."

मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहत होती. व्हिडिओ गेमसाठी कुणाचे वडील रडतात का?

"रागावला नाहीत?" मी हळूच विचारलं.

"रागावू कशाला? काल जिन्यातून पाहिलं मी. इतका स्वच्छ हात माझ्या एका विद्यार्थ्याचा नाही. रविवारी वेणीमाधवकाका येतायत, त्यांच्यासमोर दाखव. काय म्हणतात बघू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांना वाटलं होतं, मी दारामागे उभी राहून वेद शिकतेय.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, कबूल. पण तुम्ही अण्णांचा चेहरा पाहायला हवा होता! त्या दिवसापासून त्यांना आनंद आवरेना. घाटावर स्नानाला जाताना नावाड्यांना सांगितलं. पंचगंगा घाटावरच्या पंड्यांना सांगितलं. दूध घालणाऱ्या यादवजींना सांगितलं. "हमारी बिटिया का हाथ देखिए कभी." आणि घरात येता-जाता माझ्याकडे नुसते बघायचे. अण्णा माझे लाड करतात, नाही असं नाही, जिलेबी आणतात, डोक्यावरून हात फिरवतात. पण असं कधी बघितलं नव्हतं. ते असे फक्त चांगल्या विद्यार्थ्याकडे बघतात. मला ती नजर सोडवेना. सांगितलं तर ती जाणार, आणि पुन्हा यायची नाही. बस्स, एवढंच मला दिसत होतं.

आईला मी सगळं सांगितलं. ती पदराने तोंड दाबून इतकी हसली, इतकी हसली, की मला रागच आला. "आई, हसू नको ना, काहीतरी कर!"

"मी काय करू? घोळ तुझा, तूच निस्तर," ती म्हणाली. "पण सांगायचं तर तूच सांग. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना फार लागेल."

त्यात आणखी एक भर. रविवारीच दुपारी दुकानात माझा सामना होता. रामनगरचा लल्लन, हातोडावाल्याचा उस्ताद, पूल ओलांडून खास येणार होता. सू-यानने त्याला हरवून दाखव, मग मानू, असं सगळी पोरं मला म्हणाली होती. मी छाती पुढे काढून हो म्हणून बसले होते. आता कुठला सामना आणि कुठलं काय!

रविवारी वेणीमाधवकाका आले. अण्णांचे थोरले गुरुबंधू. आमच्या शाखेत काशीत त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही. कानांनी अधू, पण नजर घारीची. अण्णांनी मला पहिल्यांदाच आतल्या खोलीत, मुलांच्या ओळीत आसनावर बसवलं.

"म्हणायचं राहू दे, तसंही मला ऐकू येणार नाही," काका म्हणाले. "नुसता हात दाखव."

आता मुलांचा एखादा मंत्र आठवून हात हलवला असता तर निभावलं असतं. तोच विचार मी रात्रभर केला होता. पण हात उठला आणि त्याला जे पाठ होतं तेच त्याने केलं. खाली, बाजूला, वर, खाली, बाजूला, बाजूला, वर. सू-यानची अख्खी गिरकी, काही म्हणजे काही चुकलं नाही.

काका पुढे सरकले. "पुन्हा."

पुन्हा केलं. काका डोळे मिटून स्वतःशी काहीतरी जुळवत राहिले. मग अण्णांकडे वळले. "ढुंढी, हात सुरेख आहे रे. पण ही शाखा कुठली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चीनची," मी म्हटलं.

आणि मग धरणच फुटलं. मी मोठमोठ्याने, काकांनाही ऐकू जाईल असं, सगळं सांगितलं. दुकान, सू-यान, गिरकी, हातोडा, लल्लन, सगळं. मुलांतला एक फिसकन हसला, अण्णांनी बघितल्यावर गप्प झाला. मग अण्णा उठले आणि गंगेकडच्या खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"अण्णा," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना, "मी त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. म्हणून नाही सांगितलं."

अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही.

"ती मुलगी राहते कुठे?" वेणीमाधवकाकांनी अचानक विचारलं.

"कोण? सू-यान? टीव्हीत."

"तलवार चालवते?"

"हो."

"आणि लढाई कधी आहे म्हणालीस?"

"आत्ताच. पण मी नाही जाणार."

"का नाही जाणार?" काका उसळले. "या वयात तुमचे एवढे जिने चढून आलोय मी. काहीतरी बघितल्याशिवाय परत जायचा नाही. ऊठ! ढुंढी, माझी काठी दे."

काकांना नाही कोण म्हणणार? निघाली आमची वरात. पुढे धोतर-उपरण्यातले काका माझ्या खांद्यावर हात ठेवून, मागे शेंडीवाली मुलं आनंदाने ढकलाढकली करत, आणि सगळ्यांत शेवटी अण्णा. गल्लीतला सांड वाटेत आडवा बसला होता, त्याला वळसा घालून आम्ही दुकानाशी पोचलो. गुड्डू भैयाला वाटलं, मोहल्ल्यातले पंडित दुकान बंद करायला आले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी त्याचंच स्टूल ओढून घेतलं आणि टीव्हीसमोर ठाण मांडलं. अण्णा उंबरठ्याबाहेर थांबले.

दोन डाव जिंकेल तो जिंकला, असं ठरलं. पहिला डाव मी सपशेल हरले. गिरकी घ्यायला जावं तर लल्लन आधीच बाजूला! त्याला कळायचंच, आता ही फिरणार. एकदा नाही, दर वेळी. पोरं ओरडायला लागली, "कहा था ना, दम नहीं है!" दुसऱ्या डावातही तेच सुरू झालं. सू-यानची ताकद संपत आली. आधी अण्णा हातचे गेले, आता हीसुद्धा चालली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मालू! मान!"

अण्णा ओरडले होते. शिकवताना ओरडतात तसे. मंत्र म्हणताना हात हलायचा, पण मान हलता कामा नये. मान हलवणारा विद्यार्थी अण्णांना अजिबात खपत नाही, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात. पण माझी मान कुठे हलत होती? आणि मग माझ्या लक्षात आलं. हलत होती की! दर गिरकीच्या आधी मी नंदीबैलासारखी मान डोलवत होते. आणि तो लबाड लल्लन टीव्ही नाही, तिरक्या डोळ्याने मला बघत होता.

मी मान ताठ केली. खाली, बाजूला, वर. लल्लनला पत्ता लागायच्या आत सू-यान त्याच्या पाठीमागे! दे दणादण! दुसरा डाव माझा.

तिसऱ्या डावात तर विचारू नका. दारातून अण्णांचं सुरूच होतं. "घाई नको! ताल सांभाळ! हं, असं!" काका काठी आपटत होते. आमची मुलं उड्या मारत होती, आणि "दम नहीं" म्हणणारी पोरंसुद्धा "मार, मार, बाएँ से मार" करायला लागली होती. शेवटची गिरकी मी जवळजवळ डोळे मिटून घेतली. राक्षस धाडकन पडला. सू-यानने वाकून नमस्कार केला आणि ती हसली.

दुकान नुसतं दणाणून गेलं. काका मला म्हणाले, "मुलगी गोड आहे हो तुमची ती चिनी." गुड्डू भैयाच्या जिवात जीव आला. त्याने अण्णांना हात जोडून विचारलं, "पंडितजी, ई आपकी चेली है का?"

अण्णा उंबरठा ओलांडून आत आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसंच पाहिलं. आता तर त्यांना सगळं माहीत होतं, तरीही अगदी तसंच. मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" काका खेकसले. "मुलगी तुझी आहे."

"चेली नहीं, बेटी है," अण्णा गुड्डूला म्हणाले. "चेली कल सबेरे से."

मी तिथेच, सगळ्या पोरांच्या देखत, मोठ्याने भोकाड पसरलं. लल्लन बिचारा घाबरून म्हणाला, "अरे, जीत के काहे रो रही हो?" त्याला काय सांगणार, कपाळ!