लांब गोळी मला पचली नाही

या मित्रांनो, बसा जवळ. घाबरू नका, रिकामी आहे मी. बोल्ट उघडाच आहे, बघून घ्या हवं तर. एका हरणाची गोष्ट सांगते. ते अजून ॲरिझोनाच्या डोंगरात चरत असेल, आणि त्यात माझी फुशारकी काडीचीही नाही.

मी एक जुनी रायफल आहे. शाळाबिळा काही झाली नाही माझी. कारखान्यात पोलादाला भोक पाडलं, घासलं, अक्रोडाचा दस्ता लावला, झालं शिक्षण. नळीच्या आत पिळाच्या खाचा कापल्या. गोळी त्यातून गरगरत निघते, आणि गरगरते म्हणूनच सरळ जाते. तुमचा भोवरा असतो ना, तसंच. माझं भोक बारीक आणि पीळ सैल. हलक्या, बुटक्या गोळीला तो पुरतो. कारण मला बनवलंच होतं कोल्ह्यांसाठी.

पहिला मालक हॅरल्ड. चँडलर गावात तेव्हा कापसाची शेतं होती आणि कोंबड्या पळवणारे कोल्हे. हॅरल्ड सगळ्यांना सांगायचा, "ही बया चुकत नाही." मग त्याचे गुडघे गेले आणि मी कपाटात गेले. वर्षानुवर्षं कुणी तेलाचा थेंब दिला नाही. नळीच्या तोंडाला गंज धरला. शेवटी मुलाकडे राहायला जाताना हॅरल्डने मला शेजारच्या एकनाथला देऊन टाकलं. काडतुसं भरायचा दाबयंत्राचा संचही दिला.

एकनाथ नागपूरचा. इथे चिपच्या कंपनीत इंजिनिअर. त्याने मला पहिल्यांदा पुसलं तेव्हा चिंधी काळीकुट्ट निघाली. लाजच वाटली मला. पण माणूस हौशी. गॅरेजमध्ये टेबल लावलं आणि काडतुसं घरीच भरायला लागला. झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. इतका मन लावून करायचा की चहा गार व्हायचा.

त्याची मुलगी केया. इथेच जन्मलेली, हॉस्पिटलात नर्स. हरणाच्या शिकारीचा परवाना इथे सोडतीत निघतो. चार वर्षं तिचा नंबर लागत नव्हता, यंदा लागला. घरात आनंदी आनंद. फक्त तिच्या आईने, उल्काने, अट घातली.

"खाऊ आपण, मी काही माळकरी नाही. पण केया, ते जनावर तडफडता कामा नये. एका गोळीत काम झालं पाहिजे. नाहीतर तशीच परत ये."

"प्रॉमिस, आई," केया म्हणाली.

एकनाथने ते मनावर घेतलं. त्याने हिशोब केला. हरीण मोठं, माझी गोळी चिमुकली, मग गोळी जड हवी. भोक तेवढंच, म्हणजे गोळी जड केली की ती लांब होणार. त्याने सगळ्यात जड मागवली. कुठल्याशा नव्या रायफलचं माप वाचून दारूही बरोबर घातली. सगळं तपासलं गड्याने, फक्त माझा पीळ सोडून! मी काय बोलणार? मला तोंड आहे, पण ते एकाच कामाचं.

तरी एक संधी होती. निघायच्या आधी नेमबाजीच्या रेंजवर गोळ्या झाडून बघायला त्याने सुट्टी टाकली होती, पण ती नेमकी आली खंडेनवमीला. झालं! मला पाटावर मांडलं. शेजारी दाबयंत्र, त्याच्या शेजारी त्याचा लॅपटॉप. हळदकुंकू, झेंडूचा हार. काय तो थाट!

केया म्हणाली, "बाबा, रेंज?"

"आज हत्याराला हात लावायचा नाही बेटा. पूजेत बसलंय."

"मग ॲम्मो टेस्ट कधी करायचा?"

"अगं, मी स्वतः भरलंय. त्यात काय टेस्ट?"

दुसऱ्या दिवशी दसरा, मग ऑफिस, मग थेट डोंगर.

तंबू ठोकल्यावर मात्र केया अडून बसली. शिकार दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. लांब मातीच्या दरडीपुढे तिने कागद लावला, नेम धरला आणि घोडा दाबला. गोळी माझ्या नळीतून निघाली तेव्हाच मला कळलं, ही डुगडुगतेय. लांब भोवऱ्याला फिरकी कमी पडली की होतं तसं. आणखी दोन झाडल्या. तीन भोकं तीन दिशांना. त्यातलं एक तर गोल नव्हतंच. गोळी आडवी होऊन कागदात घुसली होती.

"बाबा, धिस वन वेंट साइडवेज."

एकनाथ त्या आडव्या भोकाकडे बघत राहिला. मग पुसायची कांडी आणली, तिच्यावर खूण केली, माझ्या नळीत सारली आणि पिळाच्या एका पूर्ण फेऱ्याला किती लांबी लागते ते टेपने मोजलं.

"सैल आहे गं पीळ," तो म्हणाला. "हे मी आधी बघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ओढ्याच्या पलीकडे नर आला. छान शिंगं, निवांत चरत होता. एकनाथच्या खिशात कोल्ह्यांची जुनी हलकी काडतुसं होती. तो कुजबुजला, "ही घे. ही सरळ जातात. झाड! चार वर्षं थांबलीयस यार!"

"सरळ जातात, पण कातड्यापाशीच फुटतात. तो जखमी होऊन पळेल आणि कुठेतरी दोन दिवस मरत पडेल."

"पुन्हा नंबर कधी लागेल, सांगता येत नाही."

"आय नो, बाबा."

तिने माझ्यावर बसवलेल्या दुर्बिणीतून त्याला पोटभर पाहिलं. तिचा श्वास माझ्या दस्त्यावर लागत होता. मग तिने बोल्ट उघडला आणि मला मांडीवर आडवं ठेवलं. नर झाडीत गेला.

दिवाळीला घरी माणसं जमली. एकनाथचा मित्र विवेक मोठ्याने म्हणाला, "काय वहिनी, मटण कुठाय? हरणाने वाघिणीला पळवलं वाटतं!" सगळे हसले. केयाही हसली, पण किचनमध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली. उल्का मागे गेली. तिने लेकीच्या ताटात पहिला अनरसा वाढला.

आता एकनाथ मला पचेल अशी गोळी भरतो. मधल्या वजनाची, पण घट्ट बांध्याची, न फुटणारी. कागदावर तिन्ही भोकं एकमेकांना चिकटतात. परवान्याचा नंबर मात्र अजून लागलेला नाही.

तर मित्रांनो, तुमच्याकडून एवढंच हवंय. आमच्यासारख्या हत्यारांना पुसा, तेल द्या, पूजाही करा. पण जिवावर रोखण्याआधी कागदावर पारखा. आणि कुणी डोंगरातून रिकाम्या हाताने परत आलं, तर त्याला हसू नका. त्याला आधी जेवायला वाढा.